उजवा कान अमरावतीचा

माणिकबाई मेहरेंचा आवाज अंबादेवीच्या रस्त्यावर पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत जातो. हे त्यांच्या तोंडावर सांगितलं तरी त्यांना राग येत नाही, उलट त्या बसायला स्टूल पुढे करतात. फुलं काय, शेजारच्या दुकानातही तीच असतात. देवळाकडे निघालेला माणूस थांबवायचा तर आवाजच लागतो.

वय चौसष्ट. शिक्षण सातवी, आणि ‘पास’ हा शब्द त्या न विचारता जोडतात. नवरा किसनराव वलगावच्या रस्त्याला दोन एकरांत शेवंती, निशिगंध आणि झेंडू पिकवतो आणि दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलतो. उरलेले माणिकबाई बोलतात. मुलगा नितेश मालाचा ऑटो चालवतो. त्याने आवाज आईचा घेतला आहे आणि रस्त्यावर हॉर्न वाजवायची त्याला फारशी गरज पडत नाही. सून प्रणाली मात्र चांदूर रेल्वेची, एका शांत घरातली. ती इतकं हळू बोलते, की लग्नानंतर वर्षभर सासरच्यांची समजूत होती, हिला काही म्हणायचंच नसतं.

अशा घरात एखाद्या लेकराला कमी ऐकू येत असेल तर ते कळावं कसं? नाहीच कळलं. आचल जन्मली, रांगली, चालली, आजीने हाक मारली की वळली, बापाने मारली की वळली. आईच्या हाकेला वळत नसे, पण आईची हाक त्या घरात कोणालाच ऐकू येत नसे. बोलायला जरा उशीर झाला. ‘आजोबावर गेली’ म्हणून तेही खपून गेलं. शाळेत पहिलीला ती ‘लाजाळू’ होती, दुसरीला ‘जरा मंद’. तिसरीत मुख्याध्यापिका मंजुषा टेकाडे यांनी वर्गात तिच्या मागे उभं राहून तीनदा नाव घेतलं, मग डबा जमिनीवर आपटला, आणि माणिकबाईंना बोलावणं पाठवलं.

“हिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, आजी.”

“मायं तर ऐकू येते तिले.”

“तुमचं मला इथं ऑफिसात बसून ऐकू येतं. त्यावरून काही ठरत नाही.”

मंजुषाबाई कडक, पण खरं बोलणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं, की ओठांकडे बघून आणि शेजारणीच्या वहीत बघून पोरगी तिसरीपर्यंत आली, पुढे असं चालायचं नाही. कानाला मशीन लावा. चौथीच्या पहिल्या चाचणीपर्यंत तिला वर्गातलं कळायला लागलं तर ठीक. नाही तर नागपूरला निवासी शाळा आहे अशा मुलांची, फॉर्म त्या स्वतः भरून देतील. चांगली शाळा आहे.

शाळा चांगलीच असेल. पण आचल नऊ वर्षांची. संध्याकाळी शाळा सुटली की दुकानात आजीच्या पाठीला पाठ लावून बसायची, निशिगंधाचे देठ खुडायची आणि दिवसभराचं साठलेलं सगळं आजीला सांगायची. तिचं अर्धवट, तोंडातल्या तोंडात गिळलेलं बोलणं बाहेरच्यांना कळत नसे, माणिकबाईंना सगळं कळे. आणि माणिकबाईंचं ऐकायला आचलला कान लागत नसत. असं जमलेलं माणूस नागपूरला पाठवायचं, या विचाराने त्यांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला सुट्टे परत द्यायच्या जागी हार दिला.

मशीन मिळणार होती, तीही आपल्याच ओळखीत. अमरावतीच्या सेवासंगम क्लबचे गुच्छ गेली बावीस वर्षं माणिकबाईच बांधतात. क्लबातली माणसं त्यांनी फुलांवरून ओळखलेली: अमुक अध्यक्षांना पिवळं चालत नाही, तमुक सचिव गुच्छ मोठा मागतात आणि पाहुणा छोटा आणतात. या वर्षीचे अध्यक्ष जीवनभाऊ गावंडे, पाइप आणि मोटारींचे व्यापारी, मनाने इतके हळवे की अनाथ मुलांना स्वेटर वाटताना स्वतःच रडतात आणि मग स्वेटर वाटायला दुसरं कोणी उभं करावं लागतं. ते दुकानात आले तेव्हा माणिकबाईंनी पोरीचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत तिथंच पाणी आलं.

“अवो माणिकबाई, हाच तर आपला प्रकल्प आहे. अकोल्याच्या स्नेहवर्धन क्लबासोबत. दोन क्लब मिळून, पयल्यांदाच. ज्या लेकराईले ऐकू येत नाई, त्याईले मशीन.”

“मंग द्या ना माया पोरीले.”

“देतोच. फक्त एक बैठक बाकी आहे.”

एक नव्हती, पाच होत्या. अडचण अशी, की या क्लबांच्या वर एक प्रांत असतो, आणि सगळ्यांत जास्त मुलांची सेवा करणाऱ्या क्लबाला प्रांत दर वर्षी ढाल देतो. प्रांताचा नियम असा, की एक मूल एकाच क्लबाच्या अहवालात धरायचं. मग दोन क्लबांनी मिळून मशीन दिली तर मूल कोणाचं? अमरावती म्हणाली, मुलं आमची. अकोला म्हणाला, कल्पना आमची. पहिली बैठक यात गेली, दुसरी चहात. तिसऱ्या बैठकीत ठरलं, की निम्मी मुलं तुमची, निम्मी आमची. तेव्हा मुलं निघाली तेवीस. तेविसावं मूल चौथ्या बैठकीपर्यंत टेबलावर पडून होतं.

पाचव्या बैठकीत अकोल्याचे अध्यक्ष शालिकराम काळमेघ सर बोलले. सर कृषी विद्यापीठातून निवृत्त. पस्तीस वर्षं त्यांनी शेताचे सारखे वाफे पाडून इकडे हे खत, तिकडे ते खत, असे प्रयोग केले होते. मन तसंच घडलेलं. त्यांनी कागदावर एक गोल काढला, त्याला दोन्ही बाजूंनी कान काढले आणि म्हणाले, “मुलाला कान किती? दोन. मशिनी किती लागतात? दोन. उजवा अमरावतीने घ्यावा, डावा अकोल्याने. तेवीस लाभार्थी तुमचे, तेवीस आमचे. नियम कुठंच मोडत नाही.”

टाळ्या पडल्या. इतका न्याय त्या खोलीत यापूर्वी कधी झाला नव्हता. जीवनभाऊंच्या डोळ्यांत अर्थातच पाणी. माणिकबाईंना त्यांनी दुकानात येऊन बातमी दिली.

“मंजे एका पोरीले दोन गावच्या मशिनी?” माणिकबाईंनी विचारलं.

“दोन क्लबाईचं प्रेम म्हना.”

माणिकबाईंना काहीतरी खटकलं, पण मशीन फुकट मिळत असताना खटकलेलं बोलून दाखवायचं नसतं एवढं त्यांना सातवीपर्यंतच कळलं होतं. त्या बोलल्या नाहीत. आयुष्यात ज्या मोजक्या प्रसंगी त्या गप्प बसल्या, त्यांतला हा एक, आणि त्याचा त्यांना पुढे चांगला पस्तावा झाला.

उजव्या कानाचं शिबिर फेब्रुवारीत अमरावतीला झालं. आदल्या आठवड्यात क्लबाच्या सचिवबाई घरी येऊन सांगून गेल्या, की मशीन लावली की मुलीसमोर माइक येईल, तेव्हा तिने दोन वाक्यं म्हणायची: ‘छान ऐकू येते. धन्यवाद.’ तेवढं बसवून घ्या. माणिकबाईंनी बसवलं. तीन दिवस घरात दुसरं काही नाही. “छान!” आजी ओरडायच्या. “चान,” पोरगी म्हणायची. “ऐकू येते!” शेजारपाजारची पोरंही ते म्हणायला लागली. शिबिरात मशीनवाला चंदन याने आचलच्या उजव्या कानात यंत्र बसवलं, लॅपटॉपला वायर जोडून काही आकडे वरखाली केले, आणि माइक आला. आचलने वाक्य बिनचूक म्हटलं. जीवनभाऊंनी तोंड फिरवून घेतलं.

डाव्या कानाचं शिबिर एप्रिलमध्ये अकोल्याला. माणिकबाई, प्रणाली आणि आचल सकाळी बडनेऱ्याहून गाडीत बसल्या. तिथला मशीनवाला पियुष, कंपनी दुसरी, लॅपटॉप दुसरा, मशीनचा रंगही दुसरा. उजवी होती बदामी आणि डावी करडी. शालिकराम सरांनी स्वतः मुलीच्या कानामागे बघून खात्री केली, की हा डावाच आहे. मग माइक. “छान ऐकू येते. धन्यवाद.”

जून सरत आला, शाळा उघडली, आचल चौथीत बसली, आणि चार दिवसांत दोन्ही मशिनी कंपासपेटीत ठेवायला लागली.

घरी विचारलं तर सांगेना. लावल्या की डोकं एका बाजूला कलतं करून चालायची, जसं बादली घेऊन चालावं. वर्गात बाकं सरकली की उजवा कान दाबायची. उजवी मधूनच शिट्टी मारायची, तेव्हा मागच्या बाकावरचा कुणीतरी “कुकर झाला” म्हणायचा आणि वर्ग हसायचा. ते हसणं तिला नेमकं ऐकू यायचं.

माणिकबाई तिला घेऊन चंदनकडे गेल्या. चंदनने तपासलं. पोरगा सज्जन, मन लावून काम करणारा.

“मावशी, उजवी एकदम ओके आहे. बिघाड डावीत आहे.”

“मंग डावी नीट कर ना बाप्पा.”

“त्या कंपनीची वायर माझ्याकडे नाही. आणि खरं सांगू का, तो अकोल्याचा कान आहे. मी हात लावला आणि काही झालं तर उद्या दोन क्लबांत माझं नाव.” मग आचलकडे वाकून, “काय गं, उजव्या कानात कसं वाटते?”

“छान ऐकू येते. धन्यवाद.”

“बघा,” चंदन म्हणाला.

पुढच्या गुरुवारी दुकान किसनरावांवर सोपवून अकोला. (त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, त्याला कोणी बोलावलं नाही एवढंच.) पियुषही सज्जन. त्याचं म्हणणं, डावी उत्तम आहे, अमरावतीवाल्यांनी उजवी उगाच वाढवून ठेवली आहे, कारण त्यांनी लावली तेव्हा डावी नव्हतीच. आता दोन्ही एकत्र बसवून जुळवायला हव्यात. एकाच वेळी, एकाच जागी.

“मंग जुळव.”

“उजवीची वायर…”

“नाई तुयापाशी. मालूम हाय मले.”

“कसं वाटतं बेटा डाव्या कानात?”

“छान ऐकू येते. धन्यवाद.”

पियुषने ते कार्डावर लिहून घेतलं. रुग्ण समाधानी.

यात कोणी खोटं बोलत नव्हतं, कोणी पैसे खात नव्हतं, कोणी काम टाळतही नव्हतं. तसं असतं तर माणिकबाईंचं अर्ध्या तासाचं काम होतं. भांडायला त्यांना आवडतं. इथं सगळेच चांगले होते, सगळेच हात जोडत होते, आणि पोरगी दिवसेंदिवस नागपूरच्या जवळ चालली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चाचणी.

जीवनभाऊंना त्यांनी फोन केला. या दोन पोरांना एका जागी बसवा म्हणाल्या. जीवनभाऊ गहिवरले. शालिकराम सरांशी बोलले. सर म्हणाले, अवश्य, पण अमरावतीचा तंत्रज्ञ अकोल्याला आला तर ते अकोल्याचं शिबिर धरायचं की अमरावतीचं? विषय पुढच्या संयुक्त बैठकीवर गेला. संयुक्त बैठक पदग्रहणानंतर. पदग्रहण जुलैच्या दुसऱ्या रविवारी, यंदा दोन्ही क्लबांचं एकत्र. तेही कुठं घ्यायचं यावर महिना गेलेला: दर्यापूर म्हणावं तर ते अमरावती जिल्ह्यात, मूर्तिजापूर म्हणावं तर ते अकोला जिल्ह्यात. शेवटी जागा मूर्तिजापूर आणि जेवण अमरावतीचं, असं ठरलं. गुच्छही अमरावतीचे. एकोणचाळीस.

“दोघं मशीनवाले येतीन काय तथी?” माणिकबाईंनी ऑर्डर घेताना विचारलं.

“येनार. त्याईचा सत्कार आहे ना. दोघाईचाही.”

“लॅपटॉप घेऊन याले सांगा.”

“सांगतो. कार्यक्रम झाला की पाहू मंग निवांत.”

कार्यक्रम झाल्यावर काय होतं हे बावीस वर्षं पाहिलेल्या बाईला सांगायची गरज नव्हती. कार्यक्रम झाल्यावर जेवण होतं. जेवण झाल्यावर गाड्या सुरू होतात.

रविवारी नितेशच्या ऑटोत मागे एकोणचाळीस गुच्छ, ओल्या गोणपाटाखाली, आणि पुढे दाटीवाटीने माणिकबाई आणि आचल. प्रणाली बसने आली. मंगल कार्यालयाच्या दारात मोठा फलक लागला होता, त्यावर दोन्ही क्लबांची चिन्हं सारख्या आकाराची, मोजून केलेली. व्यासपीठावर एकोणीस खुर्च्या. प्रांतप्रमुख नागपूरहून वेळेवर आले होते, म्हणजे सगळ्यांची धावपळ झाली होती.

“माणिकबाई, गुच्छ,” जीवनभाऊ धावत आले. कोटात, गळ्यात पट्टा, कपाळावर घाम.

“तयार हायेत भाऊ. पयले पोरीचं करा.”

“आता? आता प्रांतप्रमुख बसलेत. स्वागत झालं की…”

“नाई. स्वागत झालं की प्रास्ताविक होते, मंग ढाल होते, मंग तुमी रडता, मंग जेवन. मी पाह्यलं हाय सगळं. पोरीचं झालं का गुच्छ देतो.”

आणि त्या ऑटोच्या मागच्या फळीवर, गुच्छांपुढे, बसल्या. पाय सोडून. आवाज चढवलाच नाही. नितेश म्हणतो, त्याला तेव्हाच भीती वाटली.

शालिकराम सर आले. त्यांनी समजावून पाहिलं, की हा सार्वजनिक कार्यक्रम आहे आणि ही वैयक्तिक बाब. माणिकबाई म्हणाल्या, “सर, कान तर तुमी वाटून घेतले ना? एक तुमचा, एक याईचा. त्यात वैयक्तिक काय राह्यलं?” सर सल्ल्याला आत गेले.

आत निवेदिकेने सुचवलं, की वेळेअभावी पाहुण्यांचं शब्दसुमनांनी स्वागत करू. व्यासपीठावरच्या एकोणिसांपैकी एकही चेहरा हलला नाही. फोटोग्राफर म्हणाला, शब्दसुमनांचा फोटो कसा काढू? कोणाच्या हस्ते कोणाचं स्वागत, याची छापील यादी वाटून झाली होती. दोन्ही क्लबांची नावं एकाआड एक. त्या यादीला तीन बैठका लागल्या होत्या. ती कोण सोडणार?

चंदन आणि पियुषला शोधून आणलं. दोघं शेजारी-शेजारीच बसले होते, एकमेकांना न ओळखता. कार्यालयाच्या वरपक्षाच्या खोलीत, आरशासमोर, आचलला मध्ये बसवून दोन्हीकडे दोन लॅपटॉप लागले. अमरावतीची वायर उजवीकडून, अकोल्याची डावीकडून.

चंदनने नेहमीचा प्रश्न विचारला. “कसं वाटते गं?”

“छान ऐकू येते. धन्यवाद.”

पियुष मान हलवून लिहायला लागला, आणि दारात उभ्या माणिकबाईंच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पाच महिने हे दोघे हिला विचारत होते आणि पाच महिने ही माइकसमोरचं पाठ म्हणून दाखवत होती. आणि ते पाठ करून घेतलं होतं कोणी?

त्या पोरीपुढे उकिडव्या बसल्या. “आचल. हे मी शिकवलं तुले. मायं चुकलं. आता छान नाई म्हनाचं.”

आचलने दाराकडे बघितलं.

“नाई माइक अथी. कोनी फोटो नाई काढून राह्यलं. खरं सांग. या कानात काय होते?”

 पोरगी उजव्या कानाला हात लावून म्हणाली, “भांडे पडतात.”

“आन या?”

डाव्याला हात लावला. “याच्यात कोनी नाई राहात.”

चंदनने पियुषकडे बघितलं, पियुषने चंदनकडे. मग दोघंही एकदम खाली बघून कामाला लागले. उजवी खाली, डावी वर. थांब. पुन्हा. आता? आचलला बोलायची मोकळीक मिळाली ती मिळालीच: आता चुलीवर दूध आल्यासारखं, आता पंखा डोक्यात, आता बरं, आता नाही बरं. चंदन म्हणाला, अशी पेशंट रोज यावी. पंचेचाळीस मिनिटं गेली. मध्ये दोनदा जीवनभाऊंनी दार उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

शेवटी पियुष म्हणाला, “आता कोणीतरी मागे उभं राहून हळू बोला. अगदी हळू.”

माणिकबाई मागे गेल्या आणि त्यांच्या मते हळू बोलल्या. हॉलमध्ये प्रांतप्रमुखांनी दचकून विचारलं, काय झालं?

“मावशी, तुम्ही नको,” चंदन म्हणाला.

तेव्हा प्रणाली पुढे झाली. इतका वेळ ती भिंतीशी पिशवी धरून उभी होती, आणि ती उभी आहे हे नेहमीप्रमाणे कोणाच्या लक्षात नव्हतं. ती मुलीच्या पाठीमागे चार पावलांवर थांबली आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, “वेणी सुटली तुयी.”

आचलचा हात वेणीकडे गेला.

वेणी खरंच सुटली होती. तिने ती पुढे ओढून पाहिली, मग वळून सगळ्यांकडे पाहिलं, हे बोललं कोण. नऊ वर्षांत आईचा आवाज तिने ऐकला नव्हता, ती ओळखणार कशी? तिने चंदनकडे संशयाने पाहिलं. प्रणालीने तिचं नाव घेतलं तेव्हा कुठे तिने आईचे ओठ आणि तो आवाज एकत्र जोडले. माणिकबाई एवढंच म्हणाल्या, “चाला आता, फुलं सुकून राह्यली,” आणि बाहेर निघून गेल्या. नितेशला त्यांनी दोन गुच्छ उलटे दिले. असं बावीस वर्षांत झालं नव्हतं.

कार्यक्रम सव्वा तास उशिरा सुरू झाला. प्रांतप्रमुखांनी भाषणात दोन्ही क्लबांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. त्यांना दीड तासाची सवय होती. पुढे ‘लाभार्थी मनोगत’ असं यादीत होतंच. आचलला व्यासपीठावर नेलं, उजवीकडे जीवनभाऊ, डावीकडे शालिकराम सर, आणि निवेदिकेने माइक पुढे केला. “कसं वाटतंय बाळा?”

बाळाने आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली.

“हा बंद करा,” आचल माइककडे बोट दाखवून म्हणाली. “लय आवाज आहे याचा.”

प्रचंड टाळ्या. पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले. तोच फोटो प्रांताच्या पत्रिकेत आला, खाली ओळ: आनंदाने भारावलेली लाभार्थी. आतल्या अहवालात अमरावतीच्या यादीत आचल मेहरे, वय नऊ. अकोल्याच्या यादीत आचल मेहरे, वय नऊ. प्रांताच्या हिशेबी त्या दोन मुली आहेत, दोघींनाही एकेक कान आहे आणि दोघीही समाधानी. ढाल त्या वर्षी यवतमाळच्या एका क्लबाला गेली, त्यांनी चारशे मुलांना टोप्या वाटल्या होत्या.

चाचणीत मंजुषाबाईंनी श्रुतलेखन वर्गाच्या मागून घेतलं. दहा शब्द, एकदाच उच्चारून. आचलला सात आले. चुकलेले तीन शब्द शेजारणीचेही नेमके तेच, म्हणून बाईंना जी शंका आली ती कानाची नव्हती. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकटीला भिंतीकडे तोंड करून बसवलं, नवे दहा शब्द घातले. आठ.

माणिकबाई व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. मंजुषाबाई वही घेऊन बाहेर आल्या आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. आठ तांबड्या खुणा. माणिकबाईंनी त्या बोट ठेवून मोजल्या.

“फॉर्म नाही भरत मी,” मंजुषाबाई म्हणाल्या. “राहू द्या इथंच. पुढच्या बाकावर बसवीन. पण दोन गोष्टी. मशिनी रोज लावून यायच्या, कंपासपेटीत नाही.”

“नाई ठेवत आता.”

“आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन तुम्ही तिला हाका मारता, ते बंद. तिला त्रास होतो. मलाही होतो, पण माझं सोडा.”

माणिकबाईंना हे अजिबात पटलं नाही. “मंग तिले कसं कळीन, का शाया सुटली?”

“घंटा ऐकू येते तिला.”

दुसऱ्या दिवशी माणिकबाई फाटकाबाहेर लिंबाखाली उभ्या राहिल्या, तोंडात पदर धरून. पाच वाजायला पाच कमी असताना घंटा झाली. पोरांचा पहिला लोंढा गेला, दुसरा गेला, मास्तरांची गाडी गेली. लिंबाखालच्या पेरूवाल्याने विचारलं, आज आवाज बसला काय? त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. शेवटी आचल आली, एका मैत्रिणीशी भांडत, दप्तर ओढत.

सगळ्यांच्या मागून आली. पण घंटा ऐकून आली, यावर माणिकबाई ठाम आहेत.